झोपून उठलं तरी शीण जात नाही : ताणाचा थकवा, तपासण्या आणि 'अ‍ॅड्रिनल फटीग'

सांजवेळ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, आज विचारायला आले आहे.

वय ४३, नाशिकला एका सहकारी बँकेत पासिंग ऑफिसर, म्हणजे व्हाउचरं तपासून मंजूर करायचं काम. गेल्या दिवाळीनंतर अंगात त्राणच राहिलेलं नाही. सकाळी डोळे उघडतात तेव्हाच वाटतं, दिवस संपला असता तर बरं झालं असतं. दुपारी चारनंतर स्क्रीनवरचे आकडे दोन-दोनदा वाचावे लागतात. घरी आल्यावर कुणी साधं "भाजी कुठली करू?" विचारलं तरी रडू येतं. आणि इतकं दमूनही रात्री झोप लागत नाही, डोक्यात दिवसभराची व्हाउचरं फिरत राहतात.

कारणं मला दिसतात. शाखेतले दोघे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, ते काम आमच्या तिघांत वाटलं गेलं. घरी सासऱ्यांना पक्षाघात झाला आहे, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मुलगा दहावीला. पण अशा परिस्थितीतल्या बायका काय कमी आहेत? मग मलाच का झेपेना?

मैत्रिणीच्या ओळखीने एका ऑनलाइन वेलनेस कोचशी बोलले. तिचं म्हणणं, हा 'अ‍ॅड्रिनल फटीग' आहे. ताणामुळे किडनीवरच्या ग्रंथी थकल्यात आणि कॉर्टिसॉल (ताणाला तोंड द्यायला लागणारं संप्रेरक) बनतच नाही. लाळेची दिवसातून चार वेळा तपासणी आणि तीन महिन्यांचं पावडर-गोळ्यांचं पाकीट, मिळून चौदा हजार. असा आजार खरंच असतो का? पैसे भरायच्या आधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हटलं.

गोदाकाठ

ताई, पैसे अजिबात भरू नका. आधी जवळच्या फिजिशियनकडे जाऊन रक्त तपासा. शेवटची सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) कधी केली होती?

आणि "मलाच का झेपेना" हे मनातून काढा. तीन माणसं पाच माणसांचं काम करताहेत, वर रात्री सलग झोप नाही. कुणालाही झेपणार नाही.

निरगुडी_डॉक्टर

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. थकवा घेऊन येणारी माणसं रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'अ‍ॅड्रिनल फटीग' नावाचा आजार वैद्यकशास्त्रात नाही. १९९८ साली अमेरिकेत एका कायरोप्रॅक्टरने (हाताने मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्याने) हे नाव काढलं. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र तपासले. थकलेल्या माणसांचं कॉर्टिसॉल कमी असतं असं त्यातून सिद्ध होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. ताणाने ग्रंथी रिकामी होत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला सांगते आणि त्याप्रमाणे कॉर्टिसॉल कमी-जास्त होतं. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत जास्त असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. लाळेची तपासणी आम्हीही कधीकधी करतो, पण रात्री उशिराची आणि तीही कॉर्टिसॉल *जास्त* असल्याची शंका असेल तेव्हा. चार नमुने घेऊन 'तुमची ग्रंथी थकली' असं सांगणं, याला आधार नाही.

अ‍ॅड्रिनल खरोखर निकामी होतात तो अ‍ॅडिसनचा आजार. तो दुर्मीळ आहे. वजन उतरतं, रक्तदाब कमी राहतो, उठताना चक्कर येते, मीठ खावंसं वाटतं, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक कारण आहे, म्हणून ही लक्षणं दिसली तर मी तपासतोच. दुसरा धोका जास्त आढळतो : सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी बरेच दिवस स्टेरॉइड घेऊन ते एकदम बंद करणं. काही जणांच्या 'गावठी पुड्यां'मध्ये स्टेरॉइड असतं, हे त्यांना माहीतही नसतं.

आता पाकिटाविषयी. २०१८ साली अमेरिकेत बाजारात मिळणारी १२ 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली गेली. सगळ्या बाराही उत्पादनांत थायरॉइडचं संप्रेरक सापडलं, सातमध्ये एखादं तरी स्टेरॉइड संप्रेरक. लेबलवर त्याचा उल्लेख नव्हता. असं काही खाल्लं की सुरुवातीला तरतरी वाटते, छाती धडधडते, माणूस म्हणतो 'गुण आला'. तुमच्या कोचच्या पाकिटात काय आहे ते मी सांगू शकत नाही, पण ते घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही.

तुमच्यासाठी आधी एवढ्या तपासण्या : सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी१२, उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनी), लिव्हर. रक्तदाब बसून आणि उभं राहून. हे सगळं चौदा हजारांच्या बऱ्याच आत होतं. सरकारी रुग्णालयात याहून स्वस्त.

पाळी जास्त जाते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ४३ व्या वर्षी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. निम्म्याहून जास्त! यातल्या कितीतरी जणींना वर्षानुवर्षं 'टेन्शन घेऊ नका' एवढंच ऐकवलं जातं.

आणि ही लक्षणं असतील तर थांबू नका : कारण नसताना वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, जिना चढताना धाप, छातीत दुखणं, शौचातून रक्त, किंवा जगणं नको वाटणं.

पहाटवारा

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. शरीर जितकं वापराल तितकं चालतं. मी पहाटे पाचला उठून सूर्यनमस्कार घालतो, थकवा काय ते माहीत नाही. आमची आजी पहाटे जात्यावर बसायची, विहिरीचं पाणी आणायची, शेतावर जायची. ती कधी थकले म्हणाली नाही. सकाळी लवकर उठून पाऊण तास भराभर चाला, महिन्यात फरक पडेल.

रात्रपाळी

पहाटवारा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण मी नर्स आहे, महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी करते, म्हणून बोलते.

ताईंना रात्री दोन-तीनदा उठावं लागतंय. पाचचा गजर लावला तर उरलेली झोपही जाईल. ज्याची झोपच पुरत नाही त्याला पहाटे उठवणं हा उपाय नाही. आणि आजी थकले म्हणाली नाही, कारण तिला कुणी विचारलंच नसणार. माझी आजी माजघरात भिंतीला टेकून बसायची आणि "पाय भरून आलेत गं" म्हणायची. तिच्या हाताची नखं पांढरी होती हे मला नर्सिंग शिकल्यावर आठवलं. तिचं हिमोग्लोबिन कुणीच कधी तपासलं नाही.

आमच्या वॉर्डात नव्या मुली येतात. सहा महिने हसतमुख असतात. मग एक दिवस पेशंटच्या नातेवाइकावर ओरडतात आणि स्टोअर रूममध्ये जाऊन रडतात. सगळे म्हणतात स्वभाव बदलला. खरं तर सलग पाळ्या लागलेल्या असतात, एकीला तीस पेशंट असतात. ड्युटी चार्ट नीट लावला की त्याच मुली परत पहिल्यासारख्या होतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

निरगुडी_डॉक्टर

रात्रपाळी यांना अनुमोदन. व्यायामाबद्दल थोडी भर : हलकं चालणं ताणाच्या थकव्यात उपयोगी पडतं, पण दिवसाउजेडी आणि झेपेल तेवढंच. जेवणानंतर दहा मिनिटांपासून सुरू करा. मात्र काही लोकांना थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जबरदस्त आपटी खाल्ल्यासारखं होतं, बिछाना धरावा लागतो. कोविडनंतर असे रुग्ण मी पाहिले. त्यांना 'रोज थोडं वाढवत न्या' हे सांगणं घातक ठरतं. उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये अशी आपटी बसणाऱ्या एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजाराच्या रुग्णांसाठी ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम सल्ल्यातून काढून टाकला. तेव्हा सगळ्या थकव्यांना एकच औषध लावू नये.

मास्तर_मावळ

पुरुषांचंही लिहितो. मी माध्यमिक शाळेत आहे. शिकवणं, वर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीचं काम. वर्गात उभ्या उभ्या डोळे मिटायचे. सगळे म्हणाले, ताण आहे, सुट्टी घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण आराम झाला तरी फरक नाही.

शेवटी बायकोने डॉक्टरांना सांगितलं की हे घोरता घोरता मध्येच श्वास थांबवतात आणि दचकून उठतात. झोपेची तपासणी झाली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला. आता रात्री मशीन लावून झोपतो. पहिले काही दिवस मास्कचा त्रास झाला, पण आता सकाळी डोकं जड नसतं. कामाचा ताण आजही तेवढाच आहे, पण तो घ्यायला अंगात बळ आहे. ज्यांना सुट्टीतही बरं वाटत नाही त्यांनी घरच्यांना विचारावं, मी घोरतो का म्हणून.

उत्तरध्रुव

मी योतेबोर्गला राहतो, स्वीडनमध्ये. माझ्या बायकोला इथे याच कारणाने दीर्घ रजा घ्यावी लागली, म्हणून इथली पद्धत सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत (२०२२ पासून लागू) बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून नोंदवला आहे. तीन गोष्टी : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. स्वीडनने मात्र २००५ पासून ताणाच्या थकव्याला स्वतंत्र निदान दिलं. निकष काटेकोर आहेत : किमान सहा महिने चाललेला, दाखवता येईल असा ताण, त्यातून किमान दोन आठवडे जवळजवळ रोज शारीरिक-मानसिक थकवा, शिवाय लक्ष न लागणं, विसरणं, घाईचं काम सहन न होणं, रडू येणं किंवा चिडचिड, झोपेचा बिघाड, अंगदुखी-धडधड-चक्कर असली शरीराची लक्षणं. सांजवेळताई, तुमची पोस्ट वाचताना मला बायकोच दिसली. मात्र इथेही हे निदान रक्त तपासून बाकीचं सगळं वगळल्यावरच करतात.

मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे कामावर परतण्याची पद्धत. इथे आजारपणाची रजा पाव, अर्धी, पाऊण किंवा पूर्ण अशी मिळते. बायको आधी पूर्ण रजेवर होती, मग दिवसातले दोन तास, मग अर्धा दिवस. मॅनेजर, डॉक्टर आणि ती एकत्र बसले आणि नेमकं कुठलं काम काढायचं ते ठरलं. तिचे दोन प्रोजेक्ट दुसऱ्याला दिले. झोप सुधारली, रडणं थांबलं. पण एकाच वेळी तीन माणसं बोलायला लागली की तिला आजही सुचत नाही. या थकव्याला मुरायला जितका वेळ लागतो, उतरायला त्याहून जास्त लागतो.

भारतात अशी रजा नाही, हे मला माहीत आहे. पण 'काम कमी न करता माणसाला फक्त ध्यान करायला सांगणं' पुरत नाही, एवढं तरी आपण आपल्या ऑफिसात म्हणू शकतो.

अबोली

अगं सांजवेळ, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. सासूबाईंचं अंथरूण मी चार वर्षं सांभाळलं. एक विचारते, रात्री उठायला तूच का? नवरा कुठे झोपतो?

रागाने विचारत नाहीये. आमच्याकडे मीच उठत होते, कारण पहिल्या रात्री मी उठले आणि मग ती रीतच पडली. कुणी ठरवलं नव्हतं. वाटून घ्या. एक आड एक रात्र, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. सलग सहा-सात तासांची झोप आठवड्यातून तीनदा मिळाली तरी माणूस माणसात येतं. नणंद असेल तर महिन्यातून दोन दिवस तिने यावं. वडील तिचेही आहेत.

कोथिंबीर_वडी

अश्वगंधा घेतली तर चालेल का? माझ्या ऑफिसात सगळेच घेतात, ताणावर चांगली म्हणतात.

निरगुडी_डॉक्टर

कोथिंबीर_वडी, सरसकट घेऊ नका. काही छोट्या अभ्यासांत ताण आणि झोप यांत थोडा फायदा दिसला आहे. पण अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते, आणि लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गरोदर बायकांनी, थायरॉइडची किंवा लिव्हरची तक्रार असणाऱ्यांनी लांब राहावं. घ्यायचीच तर वैद्यांना नाडी-प्रकृती दाखवून, चालू औषधं सांगून घ्या. ऑफिसातल्या डबीतून नको.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचला आणि नवऱ्यालाही वाचायला दिला.

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन ६, बी१२ १६८. टीएसएच ३.१, साखर नॉर्मल, बाकी ठीक. पाळी गेलं वर्षभर फार जाते, हे मी डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली आहे, लोहाच्या गोळ्या आणि बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली. कोचला नाही म्हणून कळवलं.

आता प्रश्न असा की, म्हणजे हे सगळं रक्त कमी असल्यामुळेच होतं का? ताणाचं काही नव्हतं?

निरगुडी_डॉक्टर

बरं झालं वेळेत कळलं. फेरिटिन ६ म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. आकडे दोनदा वाचावे लागणं, त्राण नसणं, रडू येणं यातला मोठा वाटा त्याचा असू शकतो. बी१२ ही कमी आहे. पण हे एकाऐवजी दुसरं असं नाही. रात्री दोन-तीनदा मोडणारी झोप आणि पाच जणांचं काम तसंच राहिलं, तर हिमोग्लोबिन १२ वर जाऊनही तुम्ही दमलेल्याच राहाल. दोन्ही बाजूंनी एकदम काम करावं लागेल. नुसत्या गोळ्यांवर सोडून देऊ नका.

शिवाय एक विचारतो. दोन आठवडे सलग मन उदास असणं, आधी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणं, असं आहे का? असेल तर डॉक्टरांशी तेही बोला, तोही उपचाराने बरा होणारा भाग आहे. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

लेजर_बुक

मी एका बँकेतून निवृत्त झालो. कामाच्या बाजूचं मी सांगतो.

'फार काम आहे हो' असं तोंडी म्हटलं की साहेब म्हणतात, सगळ्यांनाच आहे. त्यापेक्षा आठवडाभर कागदावर मांडा : रोज किती व्हाउचर पासिंगला आले, निवृत्त दोघांकडची कुठली कामं तुमच्याकडे आली, ती किती वाजता संपली, डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद करणं) किती वाजता झाला. मग अर्ज करा. त्यात दोनच मागण्या ठेवा, एक विशिष्ट काम काढून घ्या आणि अमुक तारखेपर्यंत पर्यायी माणूस द्या. दमलेल्या माणसाने पासिंग केलं की चुकीच्या खात्यात रक्कम जाते, हे प्रत्येक शाखाधिकाऱ्याला कळतं. अर्जात तो धोका स्पष्ट लिहा. प्रत घ्या, आवक शिक्का मारून घ्या.

दुसरं रजेचं. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना सांगितलं आहे की संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ न सांगता, सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीची रजा द्यायची. त्या काळात त्याने बँकेच्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. नियम घोटाळे उघडकीला यावेत म्हणून केला आहे, पण माणसाला खरी सुट्टी मिळते. कुठल्या जागा संवेदनशील, ते बँकेचं संचालक मंडळ ठरवतं. तुमची जागा त्या यादीत आहे का ते एचआरला विचारा.

रात्रपाळी

लेजर_बुक, फार उपयोगी माहिती. कामाचे मेसेज बंद असलेली सुट्टी हीच खरी सुट्टी. ताई, शाखेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रात्री आठनंतर म्यूट करा. घाईचं काम असेल तर फोन येतो. आणि झोपायच्या आधी डोक्यात फिरणारी कामं वहीत उतरवून ठेवा, मला रात्रपाळीनंतर दिवसा झोपताना याचा खूप उपयोग होतो. दुपारी चारचा चहा जरा अलीकडे घ्या. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

सांजवेळ

अबोलीताई, तुमचा प्रश्न नवऱ्यानेच मोठ्याने वाचला. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, आजपासून सोमवार-बुधवार-शुक्रवार-रविवार बाबांचं मी बघतो. नणंदेशीही तोच बोलला. ती पुढच्या महिन्यात चार दिवस येते आहे. अर्जाचा कच्चा मसुदा लिहिलाय, आकडे भरते आहे.

डॉक्टर, अजून एक शंका. गोळीने मळमळतं, आणि शौचाला काळं होतंय. सकाळी उपाशीपोटी घेते, पण पाठोपाठ चहा लागतोच. रात्री घेतली तर चालेल का?

निरगुडी_डॉक्टर

लोहाच्या गोळीने शौचाला काळपट होतं, घाबरू नका. मात्र डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीचं असेल तर लगेच दाखवा. चहा पाठोपाठ घेतला तर लोह नीट शोषलं जात नाही, दुधाचं आणि कॅल्शियमच्या गोळीचंही तेच. रात्री चालेल, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. पोटात आग होत असेल तर झोपायच्या थोडा वेळ आधीच घ्या, घेतल्या घेतल्या आडवं होऊ नका. मळमळ थांबली नाही तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, काही जणांना आम्ही एक दिवसाआड देतो आणि तेही चालतं.

महिन्याने सीबीसी पुन्हा करा. हिमोग्लोबिन भरलं की गोळ्या बंद करू नका, साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. सोनोग्राफी पुढे ढकलू नका. रक्त कुठून जातंय ते सापडलं नाही तर वर्षभराने पुन्हा हेच होईल. रिपोर्ट आला की इथे लिहा.